लहान ड्रम कोर स्पर्धा बंद का पडतात? पावसाची जोखीम नेमकी कोणी उचलायची?

दूरदेशी (धागाकर्ता)

गेले तीन हंगाम मी पेन्सिल्व्हेनियातील एका लहान गावात भरणाऱ्या ड्रम अँड ब्यूगल कोर स्पर्धेच्या आयोजन समितीचा खजिनदार म्हणून काम पाहतो आहे. मी मूळचा या क्षेत्रातला नाही. मुलगी चौदाव्या वर्षी मेलोफोन हे पितळी वाद्य घेऊन एका छोट्या पथकात दाखल झाली आणि तिला सरावाला नेता-आणता मीही त्यात ओढला गेलो. आता तिचे पथक सुटले, पण माझी हिशेबाची वही सुटलेली नाही. आमची स्पर्धा पुढच्या वर्षी भरवायची की थांबवायची, याचा निर्णय समितीला लवकरच घ्यायचा आहे. इथे अमेरिकेतील आणि कॅनडातील बरेच सभासद असल्यामुळे आणि त्यांपैकी काही जणांची मुले अशा पथकांत असल्याचे ठाऊक असल्यामुळे हा धागा काढत आहे.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज-रायफली फिरवणारा कलर गार्ड यांचे पथक अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर साधारण दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम चालता-चालता सादर करते. परीक्षक त्याला शंभरपैकी गुण देतात. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी अशी पथके उभी केली, त्यांना सभागृहे दिली, गणवेश दिले आणि स्पर्धाही त्यांनीच भरवल्या. त्या काळी गावची स्पर्धा हा गावचा समारंभ असे आणि तो तोट्यात गेला तर संघटना सांभाळून घेत असे. १९७१ मध्ये ब्ल्यू स्टार्स, कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, सँटा क्लारा व्हॅनगार्ड आणि ट्रूपर्स ही पाच पथके एकत्र आली. नियम ठरवताना आपल्याला विचारले जात नाही आणि इतका प्रवास करून हाती पुरेसे मानधन येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यातून डीसीआय, म्हणजे ड्रम कोर इंटरनॅशनल, उभी राहिली आणि तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली. पथकांची तक्रार माझ्या मते पूर्णपणे रास्त होती. मुले उन्हात राबतात, डिझेल पथकाच्या पैशाने जळते, तेव्हा त्यांना ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे.

मात्र पथकाची रक्कम एकदा ठरली की बाकीची सगळी अनिश्चितता यजमानाच्या गळ्यात येते, आणि मला याच मुद्द्यावर बोलायचे आहे. मुले येत नाहीत, प्रेक्षक येत नाहीत, हल्ली सगळे घरबसल्या प्रक्षेपण पाहतात, ही कारणे नेहमी ऐकू येतात आणि त्यांत तथ्यही आहे. तरीही तीन वर्षांच्या वह्या समोर ठेवून सांगतो की आमची स्पर्धा या कारणांनी मोडकळीला आलेली नाही. ती एका संध्याकाळच्या आभाळावर टांगलेली असते.

पथकांचे मानधन, शाळेच्या स्टेडियमचे भाडे, परीक्षकांचे मानधन आणि प्रवास, विमा, रुग्णवाहिका, शाळेच्या सफाई कामगारांचा जादा वेळ, ध्वनिक्षेपकाचा माणूस, हे सर्व पैसे पाऊस पडो वा न पडो द्यावेच लागतात. समजा एका संध्याकाळचा असा स्थिर खर्च १२,००० डॉलर आहे आणि तिकीट १५ डॉलरचे आहे. म्हणजे ८०० माणसे आली तरच समिती तरली. त्यांतली पक्की गिऱ्हाइके, म्हणजे आधी तिकीट काढणारी पालक मंडळी आणि जुने वादक, निम्मी धरा. उरलेली निम्मी त्या दिवशी दुपारी चार वाजता खिडकीतून आभाळाकडे बघून ठरवतात. पाऊस पडायचीही गरज नसते, नुसता अंदाज पुरतो. शिवाय खाण्याच्या टपरीचा नफा शाळेच्या बँडच्या पालक संघाकडे आणि टी-शर्टांचा नफा पथकांकडे जातो, तो जायलाच हवा. समितीच्या वाट्याला फाटकावरच्या तिकिटांचे आणि सोडतीचे पैसे एवढेच येते.

दोन वर्षांपूर्वीची संध्याकाळ सांगतो. सात वाजता पहिले पथक मैदानात उतरले. तिसरे पथक संपत असताना, आठच्या सुमारास, पश्चिमेकडे गडगडाट झाला. येथील शाळांचा दंडक असा आहे की गडगडाट ऐकू आला की मैदान आणि लोखंडी बाकांचा सज्जा रिकामा करायचा, आणि शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटे निर्धोक गेली तरच परत यायचे. मी घड्याळ धरून दरवाज्यात उभा होतो. सत्तावीस मिनिटे झाली आणि लांबवर पुन्हा आवाज आला, तेव्हा मोजणी परत शून्यापासून सुरू झाली. असे तीन वेळा झाले. बाहेर पथकांची पोरे मरिंबा आणि ध्वनिमिश्रणाच्या टेबलावर प्लॅस्टिकची आच्छादने दोन्ही हातांनी दाबून धरून उभी होती. दहा वाजता आम्ही स्पर्धा रद्द केल्याचे जाहीर केले.

उरलेल्या चार पथकांपैकी एक फारच लहान होते, जेमतेम तीस-बत्तीस मुले असतील. त्यांचा दौरा आमच्यापाशीच संपणार होता आणि त्यांची ती हंगामातील अखेरची संध्याकाळ होती. त्यांच्या संचालिकेने शाळेची व्यायामशाळा वापरू का, असे विचारले. ओल्या बुटांनी मुले लाकडी जमिनीवर अर्धवर्तुळात उभी राहिली, ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या आखीव हालचाली, नाहीत, गुण नाहीत, समोर फार तर साठ माणसे. त्या बंद खोलीत ट्यूबांचा पहिला सूर लागला तेव्हा बास्केटबॉलच्या फळीवरची काच थरथरलेली मी पाहिली. ज्यांचे ते शेवटचे वर्ष होते ती मुले वाजवता-वाजवता रडत होती, पण एकानेही वाद्य ओठांपासून खाली घेतले नाही.

त्या रात्रीची तूट भरून काढायला आम्हाला दीड वर्ष लागले. अशी आणखी एक रात्र आली तर समिती उरणार नाही, आणि समिती नसेल तर त्या बत्तीस मुलांच्या पथकाला आमच्या भागात वाजवायला जागाच राहणार नाही, कारण मोठ्या प्रादेशिक स्पर्धांत त्यांना बोलावले जात नाही. ही जोखीम एकट्या यजमानाची का असावी, आणि नसेल तर ती कशी वाटून घ्यावी, यावर कृपया लिहावे.

---

तालमणी

मी सहा वर्षे स्नेअर वाजवला आणि आता उन्हाळ्यात एका ओपन क्लास, म्हणजे लहान पथकांच्या वर्गातील, पथकाच्या तालवाद्य विभागाला शिकवतो. तुमचा पावसाचा मुद्दा खरा आहे, पण मैदानाचा मुद्दा धाग्यात यायला हवा, कारण लहान ठिकाणी पथके यायला कचरतात ती अनेकदा त्यामुळे.

फुटबॉलचे मैदान सगळीकडे १६० फूट रुंदच असते, परंतु त्यावरच्या हॅश रेषा, म्हणजे मैदानाच्या लांबीला समांतर ओळींत आखलेल्या आखूड खुणा, सगळीकडे सारख्या नसतात. हायस्कूलच्या मैदानावर हॅश बाजूच्या रेषेपासून ५३ फूट ४ इंचांवर, महाविद्यालयाच्या मैदानावर ६० फुटांवर आणि व्यावसायिक मैदानावर ७० फूट ९ इंचांवर असते. आमच्या मुलांना प्रत्येक जागा यार्ड रेषा आणि हॅश यांच्या संदर्भाने पाठ असते, पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचे. हॅश सहा-सात फूट सरकली की मुलगा पायाने बरोबर आणि डोळ्याने चूक ठरतो. गवताचे मैदान असेल तर चुन्याने नवी खूण करता येते, पण आता बहुतेक शाळांनी कृत्रिम गवत घातले आहे, त्यात रेषा विणलेल्याच असतात आणि रंग लावू देत नाहीत. मग चिकटपट्टी हाच उपाय उरतो. मोठ्या ठिकाणी हे काम करायला माणसे असतात. लहान ठिकाणी आम्ही पोहोचतो तेव्हा यजमानांना हॅश म्हणजे काय हेच समजावून सांगावे लागते.

दुसरी गोष्ट विजेची. २००४ पासून ध्वनिवर्धन आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्ये चालतात. त्यामुळे मैदानाच्या पुढच्या रेषेपाशी भरवशाची वीज लागते. जुन्या स्टेडियममध्ये ती पत्रकार कक्षातून लांब तारा ओढून आणावी लागते आणि मग मध्येच फ्यूज जातो. गेल्या वर्षी आमच्या सिंथेसायझरचा आवाज ऐन बॅलडच्या मध्यावर गेला. मुलांनी वाजवणे थांबवले नाही, परंतु त्या ओळींचा पाया इलेक्ट्रॉनिक बासवर होता आणि तो नसताना वरचे सूर उघडे पडले.

मला स्वतःला लहान पथकांनी या उपकरणांचा हव्यास सोडावा असे वाटते. मोठी पथके दीडशेच्या वर मुले आणि ट्रकभर देखावे घेऊन फिरतात, त्यांना ते शोभते. पस्तीस मुलांच्या पथकाने त्यांची नक्कल केली की यजमानाचा खर्चही वाढतो आणि पथकाचाही.

---

विचारी_वाचक

माझे मत थोडे वेगळे आहे, राग मानू नये. ज्या गोष्टीला काळाने पर्याय दिला आहे ती टिकवण्याचा अट्टहास करावा का, असा प्रश्न मला पडतो. माझा मुलगा हिवाळ्यात डब्ल्यूजीआयच्या स्पर्धांत तालवाद्य वाजवतो. ही संस्था १९७७ मध्ये कलर गार्डसाठी सुरू झाली, नव्वदच्या दशकात तालवाद्ये आली आणि २०१५ पासून सुषिर वाद्येही आली. हे सगळे व्यायामशाळेत होते. मुले आठवडाअखेर स्पर्धेला जातात आणि रात्री घरी झोपतात. नोकरी करणाऱ्या पालकांना हे झेपते. उन्हाळी दौऱ्यासाठी मोठी पथके मुलांकडून पाच हजार डॉलर किंवा त्याहून अधिक शुल्क घेतात. मुलाचे उन्हाळी कामाचे उत्पन्न बुडते ते वेगळेच. लहान मुलांना आणि लहान पथकांना हिवाळ्याचा मार्ग खुला असताना उन्हाळ्यातील तोट्याच्या स्पर्धा का ओढत न्यायच्या?

---

दूरदेशी

विचारीजी, राग मानण्यासारखे काहीच नाही, उलट माझ्या म्हणण्याला तुम्ही बळच दिले आहे. हिवाळी स्पर्धा का फोफावल्या याची कारणे अनेक असतील, पण खजिनदार म्हणून मला त्यांतले पहिले कारण छप्पर हेच दिसते. तिथला यजमान आभाळाकडे बघत नाही. दिवसभरात तीस-चाळीस गट येतात, प्रत्येकाचे पालक तिकीट काढतात, आणि गट स्वतः प्रवेश शुल्क भरतात. आमच्याकडे उलटे आहे, पथकांना आम्ही पैसे देतो.

मात्र एक पर्याय दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ट्यूबा खांद्यावर घेऊन, शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर, वाऱ्याच्या विरुद्ध सूर फेकणे ही वेगळीच विद्या आहे. व्यायामशाळेतल्या त्या रात्री काच थरथरली हे मी कौतुकाने लिहिले खरे, पण ती मुले त्यासाठी दोन महिने उन्हात पावले मोजत नव्हती.

---

सुषमा_पी

दूरदेशींनी विमा एका शब्दात उरकला, म्हणून लिहिते. माझी थोरली मुलगी तीन उन्हाळे दौऱ्यावर होती. रात्री एक वाजता बस पोहोचायची, मुले शाळेच्या जिमखान्याच्या जमिनीवर गाद्या टाकून झोपायची, सकाळी सराव. पूर्वी अशा शाळा नुसत्या विनंतीवर उघडून मिळत. आता शाळा भाडे घेतात, विम्याचे प्रमाणपत्र मागतात आणि प्रत्येक प्रौढ व्यक्तीची पार्श्वभूमी तपासल्याचा कागद मागतात.

या खर्चाबद्दल आयोजक कुरकुर करतात तेव्हा मला फार वाईट वाटते. २०१८ मध्ये या क्षेत्रातील लैंगिक गैरवर्तनाचे आरोप वृत्तपत्रांतून पुढे आले तेव्हा आमच्या घरात दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. १९३४ मध्ये न्यू जर्सीतील गारफिल्ड येथे स्थापन झालेले कॅडेट्स हे पथक नव्वद वर्षांनी, २०२४ मध्ये, बंद झाले. त्यामागे १९८० च्या दशकातील अत्याचाराच्या आरोपावरून दाखल झालेला दावा हे एक मोठे कारण होते. तेव्हा ज्यांनी पैसे वाचवले त्यांनी काय वाचवले? लहान स्पर्धेला हा खर्च झेपत नसेल तर तो कोणी तरी वाटून घेतला पाहिजे, परंतु तो कमी करण्याचा विचार कृपा करून कोणी मांडू नये. पंधरा वर्षांची मुलगी अनोळखी गावात अनोळखी इमारतीत झोपते, हे तुमच्या वहीतल्या एका ओळीमागे आहे.

---

दूरदेशी

सुषमाताई, तुमचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो आणि तो शब्द घाईत उरकल्याबद्दल दिलगीर आहे. आमच्या समितीत या एका खर्चावर आजवर कोणीही हरकत घेतलेली नाही, आणि माझ्याकडे वही असेपर्यंत ती घेतली जाणार नाही.

---

निवृत्त_परीक्षक

मी बावीस वर्षे या स्पर्धांचे परीक्षण केले, बहुतांशी पितळी वाद्यांचे. परीक्षकांच्या खर्चाचा उल्लेख झाला म्हणून त्याची बाजू मांडतो.

पूर्ण पॅनेल आठ जणांचे असते. एकूण परिणामासाठी दोन आणि दृश्य व संगीत यांसाठी प्रत्येकी तीन. शंभरपैकी चाळीस गुण परिणामाचे, तीस दृश्याचे आणि तीस संगीताचे. लहान स्पर्धेत खर्च वाचवायला पहिली कुऱ्हाड इथे पडते, आठांचे पाच होतात, कधी चारही. गुण मोजण्यासाठी त्याने बिघडत नाही, कारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात कोणाला किती गुण मिळाले याला मोल फारसे नसते. बिघडते ते शिकण्याचे. परीक्षक कार्यक्रम चालू असताना बोलत असतो आणि ते ध्वनिमुद्रण पथकाला मिळते. पूर्वी कॅसेट देत असू, आता फाइल जाते. मोठ्या पथकाला वर्षभर नामांकित शिक्षक असतात, त्यांच्यासाठी माझे ध्वनिमुद्रण हे विसावे मत असते. लहान पथकाला मात्र कधी कधी ते एकमेव बाहेरचे मत असते. १९८३ पर्यंत आम्ही प्रत्येक चुकीला दशांश गुण वजा करत असू. तेव्हा मुलांना कुठे चुकले एवढेच कळायचे. त्यानंतर पद्धत बदलली आणि काय साधले, पुढे काय साधायचे, हे सांगणे परीक्षकाचे काम झाले. एकदा एका बारीकशा पथकाच्या दुसऱ्या बॅरिटोनांना मी सांगितले की तुम्ही ओळ संपायच्या आधी श्वास घेता म्हणून तुमची ओळ ढासळते, आणि तीन आठवड्यांनी त्याच पथकाला पुन्हा ऐकले तेव्हा ती संपूर्ण ओळ एका श्वासात आली. माझ्या बावीस वर्षांत यापेक्षा मोठे मानधन मला मिळालेले नाही.

म्हणून सूचना अशी की परीक्षक कमी करू नका, त्यांचा प्रवास कमी करा. शुक्रवार आणि शनिवार अशा लागोपाठच्या दोन रात्री दोन-तीन तासांच्या अंतरावरील दोन गावांनी जोडीने स्पर्धा ठेवल्या तर परीक्षकांचा प्रवासखर्च आणि राहण्याचा खर्च दोन्ही गावांत वाटला जातो. पथकांनाही हे सोयीचे असते, कारण प्रवासी बसच्या चालकाला संघराज्याच्या नियमाने दहा तासांपेक्षा जास्त वेळ बस चालवता येत नाही. अंतर वाढले की दुसरा चालक लागतो.

---

शनिवार_रविवार

मी बेचाळीस वर्षांचा आहे आणि अजूनही सोप्रानो ब्यूगल वाजवतो. पूर्वीच्या डीसीएच्या, म्हणजे ड्रम कोर असोसिएट्सच्या, पथकांत वयाची अट नव्हती. आमचा हंगाम शनिवार-रविवारी चालायचा आणि शेवट लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आठवडाअखेरीस व्हायचा, त्यामुळे नोकरी सांभाळून सारे जमायचे. २०२४ पासून आमचा वर्ग डीसीआयमध्ये सामावला गेला. त्याचे फायदे-तोटे हा स्वतंत्र विषय आहे, मी त्यात शिरत नाही.

सांगायचे एवढेच की आमच्यासारखी पथके चार जुलैच्या मिरवणुकांवर जगतात. मिरवणुकीचे पैसे वेळेवर मिळतात आणि पावसातही मिळतात. काही पथकांना बिंगो या आकड्यांच्या खेळाच्या उत्पन्नाचा आधार असे, तोही कॅसिनो जवळ आल्यावर आटला. ज्या गावात मिरवणूक आहे त्या गावाने त्याच दिवशी संध्याकाळी लहानशी स्पर्धा घेतली तर पथके तिथे आधीच आलेली असतात. आम्ही असे दोनदा केले आहे. सकाळी दोन मैल चालून संध्याकाळी मैदानावर उभे राहणे चाळिशीत कठीण जाते, पण जमते.

---

पथकसंचालिका

मी एका पस्तीस-चाळीस मुलांच्या पथकाची संचालिका आहे. धाग्यातल्या व्यायामशाळेच्या प्रसंगासारखे प्रसंग माझ्याही वाट्याला आले आहेत, म्हणून आधी दूरदेशींना मनापासून धन्यवाद. त्या रात्री दार उघडून देणारा यजमान सगळ्यांना मिळत नाही.

जोखीम वाटून घ्यावी असे वाचल्यावर मात्र माझ्या पोटात गोळा आला. वाटून घ्यायची म्हणजे पथकांचे मानधन तिकीट विक्रीशी जोडायचे, असाच अर्थ शेवटी निघतो. आमची बस कंपनी आगाऊ पैसे घेते. स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये चार वेळचे जेवण पाऊस असला तरी शिजतेच. संगीत रचनांच्या रूपांतराचे परवाने हिवाळ्यातच भरून झालेले असतात. तुमच्या स्पर्धेतून ठरलेली रक्कम येणार या विश्वासावर मी पुढच्या गावाचे डिझेल भरते. ती रक्कम डळमळली तर यजमान वाचेल आणि पथक बुडेल.

एक चांगली गोष्टही नोंदवते. २००० पासून जी स्वराच्या ब्यूगलची सक्ती गेली आणि कोणत्याही स्वराची वाद्ये चालू लागली. जुन्या मंडळींना त्याचे फार दुःख झाले, आणि तो आवाज मलाही आठवतो, पण आमच्यासारख्यांना शाळेतील बी-फ्लॅट वाद्ये उसनी घेऊन उभे राहता येते ते त्यामुळेच. साउंडस्पोर्टचा मार्गही मी वापरला आहे. तिथे छोट्या जागेत थोडी मुले घेऊन वाजवता येते आणि गुणांऐवजी सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी श्रेणी मिळते. नव्या पथकाची पहिली दोन वर्षे त्यात घालवावी. परंतु मुलांना मैदान हवेच असते, आणि तिसऱ्या वर्षी मैदानासाठी दूरदेशींचीच समिती लागते.

---

दूरदेशी

संचालिकाबाई, मूळ धाग्यात मी प्रश्न अर्धवट मांडला हे तुमच्यामुळे लक्षात आले. माझ्या मनात खरोखरच असे होते की अर्धे मानधन ठरलेले असावे आणि अर्धे विक्रीच्या प्रमाणात. तुमचा हिशेब वाचून ती कल्पना मी सोडून देत आहे. एका दुबळ्या खांद्यावरचे ओझे दुसऱ्या दुबळ्या खांद्यावर ठेवून काहीच साधणार नाही.

मग बळकट खांदा कोणता, याचा दोन दिवस विचार केला. हंगामातील सर्वांत मोठ्या गर्दीच्या स्पर्धा बघा. सॅन अँटोनियोची अलामोडोममध्ये, अटलांटाची मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये आणि अजिंक्यपदाची २००९ पासून इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. तिन्ही ठिकाणी डोक्यावर छप्पर आहे. मोठी पथके तिथे येतात, हजारो प्रेक्षक येतात आणि पावसाचा धोका जवळपास शून्य असतो. छपराखालच्या त्या तीन-चार स्पर्धांच्या प्रत्येक तिकिटामागे एक डॉलर बाजूला काढून पर्जन्य निधी उभारावा. उघड्यावरची ठरावीक मर्यादेखालची स्पर्धा विजांमुळे रद्द झाली, तर पथकांचे मानधन आणि परीक्षकांचा खर्च एवढ्याच दोन बाबी त्या निधीतून भराव्यात. भाडे, टपरी, सोडत, बाकी सर्व यजमानाचे. यजमानाने स्वतःही प्रत्येक तिकिटामागे एक डॉलर भरावा, म्हणजे कोणी फुकटे म्हणणार नाही.

असा निधी मोठ्या पथकांनी का मान्य करावा, हा प्रश्न येणार. त्यांच्याकडे निवड चाचणीला जी मुले येतात त्यांतली बरीच आधी कुठल्या तरी लहान पथकात पावले मोजायला शिकलेली असतात. माझ्या मुलीबरोबरची तीन मुले अशीच वर गेली. साथीमुळे २०२० चा हंगाम रद्द झाला आणि २०२१ मध्ये गुणांशिवाय कार्यक्रम झाले, तेव्हा किती लहान पथके आणि किती समित्या परतल्याच नाहीत हे मोठ्या पथकांनीही पाहिले आहे.

निवृत्त परीक्षकांची जोडगावांची सूचना आम्ही याच हंगामात अमलात आणू शकतो. शेजारच्या तालुक्यातील, म्हणजे इथल्या भाषेत काउंटीतील, समितीशी माझे काल बोलणे झाले. त्यांनी शुक्रवार घ्यायचा आणि आम्ही शनिवार, असे तोंडी ठरले आहे.

---

पथकसंचालिका

या स्वरूपातील निधीला माझा पाठिंबा आहे आणि माझ्या ओळखीच्या चार पथकांच्या संचालकांकडे मी तो मसुदा स्वतः घेऊन जाईन. दोन दुरुस्त्या सुचवते. पैसे रद्द झाल्यापासून दहा दिवसांच्या आत पथकाच्या हाती पडावेत, हंगाम संपल्यावर मिळालेल्या पैशाने डिझेल भरता येत नाही. आणि ‘रद्द’ या शब्दाची व्याख्या लिहून काढावी. तुमच्या त्या रात्री तीन पथके वाजवून गेली होती आणि चार राहिली होती, ती स्पर्धा रद्द झाली की अर्धवट झाली? यावरच पुढे वाद होतील.

---

दूरदेशी

दोन्ही दुरुस्त्या घेतो. व्याख्येचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. वेळापत्रकातील निम्म्याहून अधिक पथकांना मैदानावर उतरता आले नाही तर ती रद्द धरावी, आणि निम्म्याहून कमी राहिली असतील तर राहिलेल्यांपुरतेच मानधन निधीतून द्यावे, असे सध्या लिहितो. सात पथकांच्या त्या रात्रीला लावून पाहिले तर ती रद्द ठरते. येत्या शनिवारी समितीची बैठक आहे, तिच्यापुढे मसुदा ठेवून नंतर तो इथे टाकीन.

तालमणी, तुमच्याकडून एक मदत हवी आहे. आमच्या शाळेने गेल्या वर्षी कृत्रिम गवत घातले आणि हॅश हायस्कूलच्या आहेत. येणाऱ्या पथकांपैकी तिघांचे ड्रिल महाविद्यालयीन हॅशवर लिहिलेले आहे. पट्ट्या कशा लावाव्यात?

---

तालमणी

दोन इंच रुंदीची कापडी चिकटपट्टी घ्या, रंग शाळेच्या रेषांहून वेगळा घ्या, कारण दोन्ही हॅश पांढऱ्या असतील तर मुलांचा गोंधळ होतो. प्रत्येक बाजूच्या रेषेपासून ६० फूट मोजा आणि दर पाच यार्डांच्या रेषेवर दोन फुटांचा तुकडा लावा. पुढची आणि मागची हॅश मिळून बेचाळीस तुकडे होतील, मैदानाच्या दोन्ही टोकांच्या गोल (goal) रेषा धरून. गवतावर दव असताना पट्टी चिकटत नाही, तेव्हा ऊन वर आल्यावर दहानंतर लावा आणि प्रत्येक तुकडा बुटाने दाबून घ्या. शेवटच्या पथकानंतर लगेच काढा, रात्रभर राहिली तर डिंक धाग्यांत उतरतो आणि शाळा पुढच्या वर्षी मैदान देत नाही.

तारीख कळवा. माझे पथक त्या शनिवारी मोकळे असेल तर सकाळी मोजपट्टी घेऊन मीच येतो.